लाजरसचे नाव



श्रीमंत माणूस व लाजरस यांचा दाखला (लूक १६:१९-३१) आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातली आग तेवढी लक्षात राहते. त्या श्रीमंताचा गुन्हा कोणता? त्याने लाजरसला मारले नाही, दारातून हाकलल्याचेही लिहिलेले नाही. दहा आज्ञा आठवून पापनिवेदनाला गेला असता तर त्याला सांगायला फारसे काही सापडले नसते.

पण अधोलोकात यातना भोगताना तो लाजरसला पाठवण्याची विनंती करतो. म्हणजे दारात पडलेल्या माणसाचे नाव त्याला ठाऊक होते! ‘माहीत नव्हते’ म्हणायची सोय उरली नाही. आणि तिथेही त्याला लाजरस हवा तो पाणी आणायला, निरोप पोहोचवायला. दोघांमधली जी दरी आता ओलांडता येत नाही, तिथे पूर्वी फक्त एक दरवाजा होता.

कर्तव्य न करणे हेही पापच, असे संत थॉमस अक्विनस सांगतात. मिस्साच्या आरंभी आपण तशी कबुलीही देतो, छातीवर हात मारतो आणि खाली बसतो.

घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला आपण वर्षानुवर्षे नावाने हाक मारतो. ती दोन दिवस आली नाही तर आपल्याला आधी साचलेली भांडी दिसतात; ती आजारी आहे का, हे नंतर सुचते, कधी सुचतही नाही. आम्हा धर्मगुरूंचे काही वेगळे नाही. चर्चच्या पायऱ्यांवर बसणारे चेहरे आम्ही ओळखतो, आणि पुढच्या मिस्साला उशीर होतोय म्हणून घड्याळ पाहत बाजूने निघून जातो.