ठेवीची वाच्यता

परदेशातून कायमचा परतणारा माणूस घर सोडतो, गाडी विकतो, सामानाची खोकी जहाजावर चढवतो आणि विजेचे शेवटचे बिल भरून त्याची पावतीदेखील जपून ठेवतो. इतकी आवराआवर करूनही तेथील बँकेतले खाते मात्र तो सहसा बंद करीत नाही. विचारले तर कारणे तयार असतात. पेन्शन त्यात जमा होईल, मुले पुढे तिकडे शिकायला गेली तर उपयोग होईल, पौंडाचा भाव तर चढतोच आहे. ही कारणे खोटी नसतात. परंतु त्यांच्या तळाशी एक अनुच्चारित कारण दडलेले असते: इकडे जमले नाही तर? परतीचा निर्णय घेतलेल्या माणसाने स्वतःपासूनही लपवलेली ही शंका त्या खात्याच्या रूपाने वर्षानुवर्षे जिवंत राहते.

ब्रिटनमध्ये नोकरीची उमेदीची वर्षे काढून मी तळेगाव दाभाड्याला स्थायिक झालो. माझेही असे एक खाते तिकडे आहे, आणि तळेगावच्या सोसायट्यांत, लोणावळ्याच्या बंगल्यांत राहणाऱ्या माझ्यासारख्या इतरांची खातीही मला ठाऊक आहेत. त्यामुळे या विषयाकडे मी तटस्थपणे पाहतो असा दावा करणार नाही.

कायद्याची बाजू प्रथम स्पष्ट केलेली बरी, कारण आपल्याकडे तिच्याविषयी भय अधिक आणि ज्ञान कमी आहे. १९७३ च्या फेरा कायद्याच्या काळात परकीय चलन बाळगणे हाच मुळी संशयाचा विषय होता, आणि त्या काळाचा धाक अनेकांच्या मनातून अद्याप गेलेला नाही. १ जून २००० पासून फेमा कायदा लागू झाला. त्याच्या कलम ६(४) नुसार परदेशात वास्तव्य असताना मिळवलेले चलन, रोखे किंवा स्थावर मालमत्ता भारतात परतल्यानंतरही परदेशात ठेवता येते. परदेशस्थ व्यक्तीकडून वारशाने आलेल्या मत्तेलाही हीच मुभा आहे. तेव्हा खाते असणे हा गुन्हा नव्हे. मात्र परतल्यानंतरची दोन-तीन वर्षांची सवलत संपून माणूस आयकराच्या दृष्टीने पूर्ण निवासी झाला, की जगभरातील उत्पन्न येथे करपात्र ठरते आणि विवरणपत्रातील शेड्यूल एफएमध्ये ते खाते दाखवावे लागते. वर्षातील सर्वोच्च शिल्लक किती होती हेसुद्धा त्यात लिहायचे असते.

पौंडाच्या भावाविषयी मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने एका रात्रीत तेरा रुपयांचा पौंड एकवीस रुपयांचा झाला, आणि आज तो शंभरीच्या पुढे गेला आहे. हा आलेख पाहून पौंड राखून ठेवणारा स्वतःला दूरदर्शी समजतो. पण मार्च २००९ पासून पुढे सात वर्षांहून अधिक काळ बँक ऑफ इंग्लंडचा मूळ व्याजदर अर्ध्या टक्क्यावर होता, आणि त्याच काळात काही वर्षे आपल्याकडे मुदत ठेवीवर आठ-नऊ टक्के मिळत होते, हे तो हिशेबात धरीत नाही. चलनाची वाढ डोळ्यांत भरते, न मिळालेले व्याज दिसत नाही. लाभ झालाच नाही असे नव्हे. तो वाटतो तितका नसतो, एवढेच.

खरा प्रश्न लाभाचा नाहीच. तो माझ्यापुढे आला तो लोणावळ्याला, तुंगार्लीतल्या एका घरी. विलायतेतल्या दिवसांपासूनचे माझे एक स्नेही निवर्तले, आणि दिवसकार्य उरकल्यावर त्यांच्या पत्नीने मला बोलावून घेतले. टेबलावर त्यांनी एक लहानसे यंत्र ठेवले होते. हातात मावेल एवढे, आकड्यांची बटणे असलेले, वरच्या बाजूस कार्ड सरकवण्याची खाच. बॅटरी संपल्यामुळे पडदा कोरा होता. “भावजी, हे यांच्या कपाटात सापडलं. मला वाटलं कॅल्क्युलेटर असेल, पण बेरीज काही होत नाही.” ते ब्रिटिश बँकेचे कार्ड-रीडर होते. त्यात कार्ड घालून आलेला आकडा भरल्याखेरीज संगणकावरून त्या खात्यातील रक्कम हलवता येत नव्हती. असे काही खाते आहे हेच वहिनींना तोवर माहीत नव्हते. संसाराचा पै-पैचा हिशेब ठेवणारी ती बाई होती. पतीने त्यांना फसवले होते असे मी मुळीच म्हणणार नाही. सांगण्याचे राहून गेले होते.

पुढचे काम बुद्धीपेक्षा चिकाटीची परीक्षा पाहणारे निघाले. तिकडच्या बँकेच्या खात्याला आपल्यासारखा नॉमिनी नसतो. खाते संयुक्त नसेल आणि शिल्लक मोठी असेल, तर तेथील न्यायालयाचे प्रोबेट लागते. त्यात आणखी एक अडचण खास आपली. लोणावळा नगरपरिषदेच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्यांचे, वडिलांचे आणि आडनाव अशी तीन नावे होती, तर विलायतेतल्या खात्यावर मधले नाव गाळलेले. ही दोन्ही नावे एकाच मनुष्याची, हे सिद्ध करण्यासाठी वडगावला जाऊन स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करावे लागले. ज्या मनुष्याबरोबर सारे आयुष्य काढले, तो तोच होता असे शपथेवर लिहून देताना वहिनींचा हात थोडा थांबला. मग त्यांनी सही केली.

या कामानिमित्त तळेगावहून लोणावळ्याला लोकलने जाताना मळवली स्थानक लागे, आणि कार्ल्याचा विचार मनात येई. तेथील चैत्यगृहाच्या अनेक स्तंभांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकट नगरातले यवन त्यांत आहेत. परक्या भूमीत राहून मिळवलेले धन त्यांनी मावळातल्या या डोंगरात घातले आणि आपण कोण, कुठले, हे खाली लिहून ठेवले. त्याच लेण्याला, म्हणजे जुन्या वलूरकाला, करजिक हे गाव दान देणारा उषवदात हा शकवंशीय, क्षत्रप नहपानाचा जावई. नाशिकच्या लेण्यातील त्याचा एक शिलालेख तर मला अर्वाचीन बँकेच्या कोणत्याही कागदापेक्षा नेमका वाटतो. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व किरकोळ खर्चासाठी त्याने ३००० कार्षापणांची अक्षय ठेव ठेवली. त्यांपैकी २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा एक टक्क्याने, तर १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मूळ धन परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. आणि हे सारे निगमसभेत ऐकवले गेले, रीतीप्रमाणे फलकावर नोंदले गेले, असेही तो लेख सांगतो.

मला महत्त्वाचे वाटते ते हे ऐकवणे. ज्याची ठेव त्याला ती ठाऊक होतीच. ज्यांच्याकडे ठेवली त्या विणकरांनाही ठाऊक होती. तरीही सभेला ती ऐकवली, कारण दाता आणि श्रेणीचे आजचे प्रमुख दोघेही गेल्यावर उत्तरदायित्व कुणाकडे राहील, याचा विचार त्या व्यवस्थेने केला होता. ठेव दीर्घकाळ टिकायची तर ती जाणणारी माणसे दोनांपेक्षा अधिक हवीत, इतकी साधी ती दृष्टी होती. आपण मात्र गुप्ततेलाच सुरक्षितता मानतो. पासवर्ड कुणाला सांगू नये हा योग्य उपदेश आपण इतका ताणला, की खात्याचे अस्तित्वही कुणाला सांगू नये असा त्याचा अर्थ झाला.

शेड्यूल एफएकडे मी याच दृष्टीने पाहू लागलो आहे. २०१५ च्या काळ्या पैशांविषयीच्या कायद्याने, परदेशातील मत्ता विवरणपत्रात न दाखवल्यास १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद केली. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून अन्य मत्ता २० लाखांपर्यंत असेल तर तो दंड लागत नाही. दाखवण्याचे बंधन मात्र कायम आहे. शिवाय २०१७ पासून अनेक देशांतील खात्यांची माहिती आपल्या सरकारकडे आपोआप येऊ लागली. अनेकांना हा सारा प्रकार अविश्वासाचा वाटतो, आणि प्रामाणिक पेन्शनरालाही करचुकव्याच्याच रकान्यात बसवणाऱ्या या फॉर्मची भाषा मलाही रुचत नाही. तरी वर्षातून एकदा आपल्या दूरच्या ठेवीची लेखी वाच्यता करावी लागते, हा त्याचा परिणाम मला हितकर वाटतो. सरकारला जे सांगतो ते घरात न सांगणे मग विसंगत ठरते.

माझे स्वतःचे खाते मी ठेवले आहे, कारण माझी ब्रिटिश पेन्शन त्यात जमा होते. भारतात राहणाऱ्यांना ती मिळते, परंतु दरवर्षीची वाढ मिळत नाही. येथे राहून ती सुरू झाली तेव्हा जो आकडा होता तोच आजही आहे. अधूनमधून हयातीच्या दाखल्याचा फॉर्म टपालाने येतो, मी साक्षीदारासमोर सही करून तो परत धाडतो. खात्याचा क्रमांक, बँकेचा पत्ता, काय करायचे आणि कुणाला कळवायचे हे मराठीत लिहून घरच्यांना वाचून दाखवले आहे. मुलाने ऐकता ऐकता दोनदा घड्याळ पाहिले. तरीही पूर्ण वाचले.

ज्यांना अशी पेन्शन नाही, ज्यांची मुले तिकडे नाहीत आणि ज्यांचे परत जाणे आता संभवत नाही, त्यांना मी शिल्लक भारतात आणून आरएफसी खात्यात ठेवायला सुचवतो. तेथे ती पौंडांतच राहू शकते, गरज पडल्यास परदेशी खर्चासाठी वापरता येते आणि तिला नॉमिनी नेमता येतो. वहिनींनी शेवटी हाती आलेल्या रकमेचे तसेच काहीसे केले. परकीय चलनाच्या भानगडीत न पडता सरळ रुपयांत ठेव केली. बँकेची शाखा पुण्यात आहे. काही विचारायचे झाले, तर त्या लोणावळ्याहून सकाळची लोकल धरतात आणि दुपारपर्यंत परत येतात.