मुदतबाह्य देणे

पदवी घेतल्यावर ४५ वर्षांनी वर्गाचे संमेलन भरते, तेव्हा निमंत्रण हाती पडताच माणूस पहिला हिशेब करतो तो कोण उरले आणि कोण गेले याचा. मीही तो केला. आमच्या १९७९ च्या बी. ए. च्या वर्गातील बासष्टांपैकी अकरा जण या जगात नव्हते आणि नऊ जणांचा ठावठिकाणा कोणालाच नव्हता. २०२४ च्या जानेवारीत, उत्तरायण आटोपल्यावरच्या रविवारी, प्रत्यक्ष जमलो ते सत्तावीस. स्थळ अर्थातच बडोदे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेचा तो घुमट डोळ्यांपुढे आला, की बडोद्याबाहेर गेलेल्या आमच्यासारख्यांना आजही घरी आल्यासारखे वाटते. विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर तो बांधला, हे आम्ही विद्यार्थी असताना पाहुण्यांना मोठ्या रुबाबात सांगत असू. त्या दिवशी मात्र पायऱ्या चढताना गुडघ्यांचीच चर्चा अधिक झाली.

संमेलनाचे वर्णन करण्यासाठी हा लेख नाही. अशी संमेलने वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिली असतील. कोण ओळखू आले, कोण आले नाही, कोणाची नातवंडे कॅनडात आहेत, कोणाची साखर किती, हे सर्व तेथे यथासांग झाले. दुपारी उंधियो आणि श्रीखंड होते, आणि मधुमेही मंडळींनी श्रीखंडाला मुळीच नकार दिला नाही. मला सांगायचे आहे ते एका प्रश्नाविषयी. तो घेऊन मी तेथे गेलो होतो आणि तो तसाच परत घेऊन आलो.

थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. आमच्या वर्गात दांडिया बाजारातला माझा एक मित्र होता. त्याचे नाव येथे घेत नाही. गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने घाटावरून आलेल्या घराण्यांपैकी त्याचे घर एक, आमचे दुसरे. १९४९ साली संस्थान विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले, कारभाराची भाषा बदलली. पण मुलाने सरकारी नोकरीत शिरावे हा आमच्या घरांतला हट्ट काही बदलला नाही. दप्तरात बसलेल्या आजोबांचे छायाचित्र भिंतीवरून आमच्याकडे बघत असे आणि बी. ए. झालेल्या मुलाला दुसरी वाट सुचू देत नसे.

१९८० च्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी एकाच जाहिरातीवरून अर्ज भरले. जागा थोड्या होत्या. अर्ज देण्याच्या अखेरच्या दिवशी त्याची आई इस्पितळात होती. टपालाने पाठवावा तर वेळेत पोहोचेल याचा भरवसा उरला नव्हता. मी स्वतः अमदावादला जाऊन माझा अर्ज देणार होतो, म्हणून त्याने आपला लिफाफा, आत फीची पोस्टल ऑर्डर घालून, माझ्या हवाली केला. खिडकीपाशी मोठी गर्दी होती. माझा अर्ज मी दिला, पोच घेतली, बाहेर आलो, रसपान केले आणि परतीची गाडी धरली. नडियाद मागे पडल्यावर रुमाल काढायला पिशवीत हात घातला आणि हाताला त्याचा लिफाफा लागला. तोवर पाच वाजून गेले होते.

त्या रात्री इस्पितळाच्या व्हरांड्यात त्याने विचारले, "दिला का रे?" मी म्हणालो, "दिला." पुढे मला बोलावणे आले, त्याला आले नाही. तो घरी येऊन बसला तेव्हा सरकारी कारभारात कागद गहाळ होतातच, असे मीच त्याला समजावले. अर्ज मी विश्वामित्रीच्या पुलावरून खाली सोडला. पोस्टल ऑर्डर मात्र सोडवेना. ते पैसे होते, आणि पैसे फाडू नयेत असा संस्कार होता. कशाची लाज वाटावी आणि कशाची नाही, याचा वयाच्या एकविसाव्या वर्षीचा माझा विवेक हा असा होता.

मी विसरलो, हे मी स्वतःला ४० वर्षे सांगत आलो. परंतु खिडकीशी उभा असताना तो लिफाफा पिशवीत असल्याची जाणीव मला मुळीच नव्हती, असे शपथेवर सांगता येईल का? वर्गात तो माझ्यापेक्षा हुशार होता. जागा थोड्या होत्या. याहून अधिक मला खरोखरच सांगता येत नाही. मनाच्या त्या कोपऱ्यात तेव्हाही उजेड नव्हता आणि आता तर काहीच दिसत नाही. दिसते ते एवढेच, की विसरणे खरे असले तरी "दिला" हा शब्द खोटा होता. त्याच्या आधारावर पुढची ३५ वर्षे मी सेवेत होतो, आणि मुदतीनंतर एका दिवसाने आलेले किती अर्ज मी नियमावर बोट ठेवून परत केले, याची गणती नाही. माझा मित्र आधी एका खाजगी कारखान्यात हिशेबनीस झाला, तो बंद पडल्यावर त्याने शिकवण्या केल्या, दोन बहिणींची लग्ने केली. एकदा त्याच्या मुलाच्या दाखल्याचे काम माझ्या टेबलावर आले. ते मी तासाभरात करून दिले आणि त्या रात्री मला फार गाढ झोप लागली. त्या झोपेची मला पुढे अधिक लाज वाटली.

संमेलनात त्याला गाठून सगळे सांगून टाकायचे, असे ठरवूनच मी गेलो होतो. सकाळच्या सत्रात प्रत्येकाने तीन मिनिटांत आपला जीवनप्रवास सांगायचा होता. त्याची पाळी माझ्याआधी आली. तो उभा राहिला आणि हसत म्हणाला, "सरकारी नोकरीचा अर्ज मी कधी भरलाच नाही. वडील मागे लागले होते, पण माझ्या मनानं घेतलं नाही. आपला स्वभाव साहेबाला सलाम करण्याचा नव्हे. शिकवण्या केल्या, पोरं घडवली, मजेत आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

तो खोटे बोलत होता असे मला वाटले नाही. स्मृती ही दप्तरात बांधून ठेवलेली फाईल नव्हे, हे आता मानसशास्त्रानेही दाखवून दिले आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकारी यांनी १९९५ साली २४ जणांवर एक प्रयोग केला. त्यांच्या बालपणीच्या तीन खऱ्या घटनांच्या जोडीला 'लहानपणी तुम्ही बाजारसंकुलात हरवला होता' ही चौथी, बनावट घटना त्यांना नातलगांच्या हवाल्याने सांगितली. सुमारे एक चतुर्थांश लोकांना ती, पूर्ण किंवा अंशतः, 'आठवली'. तेथे एका परक्या माणसाने काही भेटींत जे केले, ते माझ्या मित्राने स्वतःच, ४५ वर्षांत, सावकाश केले असेल. नाकारले गेल्याच्या आठवणीपेक्षा आपण नाकारल्याची आठवण उराशी धरून जगणे सोपे जाते.

येथे मला तत्त्वज्ञानाच्या तासाला ऐकलेली एक जुनी अडचण आठवली. जॉन लॉकने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत असे मांडले, की माणूस तोच असण्याचा आधार त्याचे शरीर नसून त्याचे भान आहे. ज्या कृतीचे भान मला पोहोचते, ती माझी. त्यावर टॉमस रीडने १७८५ मध्ये एका सेनापतीचा दाखला दिला. लहानपणी फळबागेत चोरी केली म्हणून शाळेत फटके खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी होतो आणि शत्रूचे निशाण हस्तगत करतो. तेव्हा त्याला फटके आठवत असतात. म्हातारपणी तो सेनापती होतो. निशाण आठवते, फटके विसरलेले असतात. लॉकच्या हिशेबाने सेनापती आणि अधिकारी एक, अधिकारी आणि मुलगा एक, पण सेनापती आणि मुलगा मात्र वेगळे. विद्यार्थिदशेत हे आम्हाला शब्दांचे कोडे वाटले होते. आता त्यातला काटा कळतो. लॉकचे ऐकायचे तर १९८० चा तो तरुण मीच आहे, कारण मला सगळे आठवते. पण ज्याच्यावर अन्याय झाला तो अर्जदार कोठेच उरलेला नाही. क्षमा मागणारा हजर आहे आणि क्षमा करू शकणारा गायब.

आपल्याकडे याच प्रकारचा खटला 'मिलिंदपञ्हा'त आहे, आणि योगायोग असा की तोही बागेतल्या चोरीचाच. एक जण दुसऱ्याचे आंबे चोरतो आणि बचाव करतो, की याने लावले ते आंबे वेगळे होते, मी तोडले ते वेगळे. यवन राजा मिलिंदाला नागसेन विचारतो, तो शिक्षेस पात्र ठरेल की नाही? राजा म्हणतो, ठरेल. कारण नंतरचे आंबे पहिल्यातूनच आले. मला हे उत्तर लॉकपेक्षा अधिक पटते. माझ्या मित्राच्या शिकवण्या, त्याची ओढाताण, आणि आज सभेत सांगितलेली ती मानी गोष्टसुद्धा, त्या पिशवीत राहिलेल्या लिफाफ्यातूनच उगवली. त्याला कोय आठवत नाही, म्हणून झाड दुसऱ्याचे होत नाही.

मग सांगायला काय हरकत होती? येथेच मी अडलो. कायद्याशी आयुष्यभर संबंध आल्यामुळे मला मुदतीच्या भाषेतच विचार सुचतात. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार उसनवारीच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांनी बाद होतो. परंतु बाद होतो तो दावा, देणे नव्हे. मुदतबाह्य कर्ज कोणी आपण होऊन फेडले तर ते परत मागता येत नाही, आणि १८७२ च्या करार कायद्यात तर अशा देण्याचे लेखी, सहीनिशी दिलेले वचन बंधनकारक मानले आहे. म्हणजे कायदासुद्धा असे धरून चालतो, की न्यायालयाचे दार बंद झाल्यावरही काहीतरी शिल्लक उरते. मात्र पैसे परत केल्याने घेणेकऱ्याचे काही जात नाही. मी सत्य परत केले, तर माझ्या मित्राजवळचे काहीतरी निश्चित जाणार. आज तो स्वतःच्या आयुष्याचा कर्ता आहे. उद्या माझ्या निष्काळजीपणाचा, कदाचित त्याहून वाईट कशाचा, तो बळी ठरेल. सहासष्टाव्या वर्षी हा बदल त्याच्या माथी मारून मला मिळणार काय, तर पुन्हा एकदा गाढ झोप.

गुजरातेत राहिलेल्या आपणा सर्वांना संवत्सरीचा प्रघात ठाऊक आहे. पर्युषण संपताना जैन स्नेही 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. कळत नकळत काही चुकले असेल तर ते निष्फळ होवो, असा भाव. कार्यालयात असताना मला दरवर्षी अशी ढीगभर कार्डे येत आणि आता मोबाइलवर संदेश येतात. त्या प्रथेविषयी मला आदर आहे. पण तीच सोय मी माझ्यासाठी वापरू पाहिली, तेव्हा तिच्यातली पळवाटही दिसली. एका जैन सहकाऱ्याने मला पूर्वी सांगितले होते, की खरे क्षमापन ज्याचा अपराध केला त्याच्यासमोर जाऊन आणि अपराध मनात धरून करायचे असते; छापील कार्ड ही काळाची सवलत आहे. माझ्या मित्राला मी गेल्या २० वर्षांत अशी कार्डे धाडली आहेत. जैन नसूनही. तो ती गंमत समजत असे.

तर मग गप्प राहणे हीच दया, असे म्हणून हा विषय मी मिटवला असता. संमेलनाहून परतल्यावर चार दिवस तसे म्हणतही होतो. परंतु या दयेत मला एक ओळखीचा वास येऊ लागला. १९८० मध्ये त्याच्या अर्जाचे काय करायचे ते मी त्याला न विचारता ठरवले. आता त्याच्या गतकाळाचे काय करायचे तेही मीच, त्याला न विचारता, त्याच्याच भल्यासाठी म्हणून ठरवतो आहे. सत्य त्याला झेपणार नाही, हा निर्णय देणारा मी कोण? आमच्या खात्यात आम्ही अशा गोष्टींना 'जनहितार्थ गोपनीय' म्हणत असू, आणि पुष्कळदा त्यात हित जनांचे नसे. तो चांगला खंबीर माणूस आहे. मी न सांगण्याने वाचते ते माझे तोंड, एवढे तरी मान्य करायलाच हवे.

अखेर हे सर्व मी सौभाग्यवतींना सांगितले. लग्नाला ३९ वर्षे झाली. हे आजवर सांगितले नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्यांना ठाऊक नाही असं तुम्हांला कशावरून वाटतं?"

हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. त्या काळी अमदावादला जाऊन आवक नोंदवहीत आपले नाव आहे की नाही, हे विचारणे अशक्य नव्हते. तो चौकस होता. "अर्ज भरलाच नाही" हे वाक्य त्याने सभेला सांगितले, की पुढच्या रांगेत बसलेल्या एकाच माणसाला? माझी बोलण्याची पाळी त्याच्यानंतर होती. मी काय बोलणार हे त्याने ओळखले असेल, तर त्याने मला सर्वांदेखत वाचवले, किंवा कायमचे अडवले. दोन्हींपैकी कोणते, हे त्याचा चेहरा आठवून पाहतो. पण त्या वेळी मी खाली बघत होतो.

परवा त्याचा फोन आला. त्याला पेन्शनचे एक प्रकरण समजून घ्यायचे आहे, एका शेजाऱ्याचे. "रविवारी येतो, साहेब," असे म्हणाला आणि नेहमीसारखा हसला. पोस्टल ऑर्डर जुन्या ट्रंकेतून काढून मी टेबलाच्या खणात ठेवली आहे. कागद पिवळा पडला आहे, पण त्याची सही अजून वाचता येते.