एका अक्षराचा आजार

मोराव्हियातील ब्र्नो नगरीच्या ऑगस्टिनियन मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या रोपांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८६६ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याचे मोल त्याच्या हयातीत फारसे कोणाला कळले नाही. पुढे तो मठाधिपती झाला आणि मठावरील कराच्या वादात त्याची अखेरची वर्षे खर्ची पडली. (कारभाराच्या ओझ्याखाली वाकलेल्या आम्हा धर्मगुरूंना हा तपशील विशेष जवळचा वाटतो.) दोन्ही जनकांत दडून राहिलेला गुण संततीत सरासरी चारांत एकदा प्रकट होतो, हे त्याचे गणित. वाटाण्याच्या वाफ्यात ती केवळ मोजदाद असते. माणसाच्या घरात मात्र चारांतील ते एक म्हणजे हाडांच्या वेदनेने रात्रभर कण्हणारे लेकरू असते.

विदर्भात, नंदुरबारमध्ये आणि आपल्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर हे लेकरू सिकलसेलग्रस्त म्हणून ओळखले जाते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली या व्याधीचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवून दिले. जनुकाच्या दीर्घ लिपीत केवळ एक अक्षर बदललेले असते. तेवढ्याने प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन आपसांत चिकटते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून बसते. तरीही या अक्षराला निसर्गाचा निव्वळ प्रमाद म्हणणे मला जड जाते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविल्याप्रमाणे, ज्याला हे अक्षर एकाच जनकाकडून लाभते त्याला मलेरियापासून काही संरक्षण मिळते. जे दोघांकडून आल्यास शाप ठरते, तेच एकाकडून आल्यास रानावनातल्या वस्तीला तारक ठरत आले आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांना आधी दोषी कोण हे जाणून घ्यावेसे वाटले होते. प्रभू येशूने तो प्रश्नच बाजूला सारला. आपल्याकडे मात्र अशा बाळाच्या आईकडे आजही बोट दाखविले जाते, वारसा दोघांचा असला तरी.

अलीकडच्या संशोधनाने या अक्षराकडे पाहण्याची दृष्टी पालटली आहे. जिवाणूंच्या स्वसंरक्षणाच्या युक्तीतून जनुकात नेमक्या जागी छेद देणारे क्रिस्पर हे साधन २०१२ साली साकारले आणि एमॅन्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना यांना त्यासाठी २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने त्यावर आधारलेल्या सिकलसेल उपचाराला मान्यता दिली. गंमत अशी की हा उपचार ते चुकलेले अक्षर दुरुस्त करीत नाही. मातेच्या उदरात असताना बाळाच्या रक्तात निराळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर शरीर ते जवळजवळ बंद करते. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून तो बंद करणारा खटकाच कापला जातो आणि त्या पेशी परत दिल्या जातात. त्याआधी जुनी मज्जा तीव्र औषधांनी नष्ट करावी लागते. हा सोपा मार्ग नव्हे. पण पुरेसा काळ पाहणीखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग वर्षभर वेदनेचा तीव्र झटका आला नाही.

हा परमेश्वराच्या कार्यात हस्तक्षेप नव्हे काय, असे भाविक विचारतात. मला तसे वाटत नाही. २००८ सालच्या ‘डिग्नितास पर्सोने’ या दस्तऐवजात व्हॅटिकनने रुग्णाच्या देहापुरता मर्यादित जनुकोपचार तत्त्वतः ग्राह्य मानला. पुढच्या पिढ्यांत उतरणारे बदल मात्र सद्यःस्थितीत अमान्य ठरविले. २०१८ साली चीनमध्ये भ्रूणांचे जनुक बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या गेल्या तेव्हा शास्त्रज्ञांनीही त्याचा निषेधच केला. ही सीमारेषा मला पटते. मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे.

या उपचाराची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर ठरली, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. ज्या ज्ञानाने हा उपचार घडला, त्याच ज्ञानाने गर्भाची वार वा गर्भजल तपासून ते अक्षर जन्माआधीच वाचता येते, आणि ते वाचणे तुलनेने अगदी स्वस्त आहे. एकाच ज्ञानाला अशी दोन दारे आहेत. पहिल्या दारातून रुग्ण बरा होऊन बाहेर येतो. दुसऱ्यातून रुग्णच येऊ दिला जात नाही. कोणत्या दारापाशी कोणाला उभे केले जाईल, हे नीतिशास्त्राआधी दरपत्रकच ठरवू लागले आहे. गरिबाला निवड आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्यापुढे बहुधा एकच दार उघडे असते.

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय मोहीम सुरू केली. वयाच्या चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सिकलसेलचे उच्चाटन हे तिचे उद्दिष्ट. तपासणीनंतर कार्ड दिले जाते आणि विवाहापूर्वी दोघांची कार्डे पडताळून पाहावीत असा सल्ला दिला जातो. तपासणी मला स्वागतार्ह वाटते. अज्ञानात घेतलेला निर्णय हा काही अधिक पवित्र नसतो. ख्रिस्तसभा दोन वाहकांच्या विवाहाला मनाई करीत नाही, पण त्यांनी डोळे मिटून वेदीसमोर यावे असेही म्हणत नाही. मात्र ‘उच्चाटन’ या शब्दापाशी मी थबकतो. उच्चाटन व्याधीचे की व्याधिग्रस्ताचे? कार्ड पाहून मुलीला ‘डागी’ ठरविणारे स्थळ आणि गर्भाला नको ठरविणारा सल्ला यांत अंतर आहे खरे, पण रस्ता तोच आहे.

आणि गर्भ राखा असे त्या जोडप्याला सांगणाऱ्या आपणा श्रद्धावंतांवरही त्याचे देणे चढते. १८ कोटी कोणत्याच धर्मग्रामाच्या आवाक्यात नाहीत. परंतु हायड्रॉक्सियुरिया नावाचे जुने, स्वस्त औषध आहे. तेही गर्भावस्थेतील त्या हिमोग्लोबिनचेच प्रमाण वाढवते आणि झटके कमी करते. ते रोज घ्यावे लागते, रक्त वेळोवेळी तपासावे लागते, लहानग्यांना ताप आला तर तातडीने दवाखाना गाठावा लागतो. पावसाळ्यात अनेक पाड्यांवरून दवाखान्यापर्यंत धड रस्ता नसतो. तेवढे चार महिने औषध घरपोच नेणारी माणसे आपल्या धर्मग्रामांत, आपल्या सेवासंघांत आणि धर्मभगिनींच्या दवाखान्यांत किती निघतील, याची मोजदाद आपण अजून केलेली नाही.