उसना हेल

गांवचा एखादा मुलगा नोकरीसाठीं पुण्यामुंबईस जातो आणि वर्षा-दोन वर्षांनीं सुटीवर घरीं येतो, तेव्हां त्याचें बोलणें कान देऊन ऐकावें. जातांना तो ‘पानी’ म्हणत असे, आतां ‘पाणी’ म्हणतो. गांवचा हेल वाटेंतच कोठें तरी गळून पडला आहे, आणि मधूनच एखादा इंग्रजी शब्द, तोहि साहेबी ढबीनें, त्याच्या तोंडून निघतो. आई कौतुकानें पाहते, शेजारी तोंड फिरवून हंसतात. हा मुलगा खोटें बोलत आहे काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रश्न वाटतो तितका हलका नाहीं. मनुष्य केवळ शब्दांनीं बोलत नाहीं, सुरानेंहि बोलतो. ‘मी अमक्या मुलखाचा, अमक्या लोकांत वाढलेला,’ हें आपला हेल न विचारतां सांगत असतो. तो हेल बनावट असेल तर सांगणेंहि बनावट झालें, हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाहीं.

तथापि हेल बदलणारा प्रत्येक जण ढोंगी असतो असें मात्र नव्हे. कोंकणची मुलगी देशावर सून होऊन येते आणि दहा वर्षांत सासरच्यांसारखी बोलूं लागते. तिला कोणी लबाड म्हणत नाहीं. १९६२ सालीं विल्यम लबाव्ह ह्या भाषाशास्त्रज्ञानें न्यूयॉर्क शहरांतील तीन मोठ्या दुकानांत जाऊन, उत्तरांत ‘चौथा मजला’ हे इंग्रजी शब्द येतील असा प्रश्न विक्रेत्यांना विचारला. त्या शब्दांतील ‘र’ स्पष्ट उच्चारणें तेथें प्रतिष्ठेचें समजलें जात असे. दुकानांतील गिऱ्हाईक जितकें श्रीमंत, तितका विक्रेत्यांच्या तोंडीं ‘र’ अधिक आढळला. विक्रेते स्वतः श्रीमंत नव्हते; ऐकणाराची छाया बोलणारावर पडते, इतकाच त्याचा अर्थ. समोरच्याच्या जवळ जाण्याची ही धडपड मनुष्यस्वभावांतच आहे, आणि तिच्यांत पुष्कळदां प्रेमहि असतें.

दुसरा प्रकार पोटासाठीं बदललेल्या हेलाचा. इ. स. २००० च्या सुमारास आपल्या देशांत परदेशी गिऱ्हाइकांशीं टेलिफोनवर बोलणारीं केंद्रें मोठ्या प्रमाणावर निघालीं. तेथें रात्रपाळी करणाऱ्या तरुणांना परकी ढब शिकवीत, आणि कित्येकांना परकें नांवहि देत. अलीकडे तर बोलणाराचा भारतीय हेल तत्क्षणीं पालटून ऐकणाराच्या कानीं निराळा पोंचविणारी यंत्रविद्याहि निघाली आहे. येथें आम्ही भेद करतों. ऐकणाराला समजावें म्हणून उच्चार सोपा करणें ही सेवा आहे. परंतु ‘माझें नांव अमुक’ असें नसलेलें नांव सांगणें हें असत्यच आहे. मात्र त्या असत्याचा सारा भार त्या तरुणाच्या शिरीं टाकणें न्याय नव्हे. ज्यानें पगाराच्या बदल्यांत तें मागितलें आणि ज्याला मूळ हेल ऐकणेंहि सहन झालें नाहीं, त्या दोघांचाहि त्यांत वाटा आहे.

शास्त्रग्रंथांत ह्या विषयाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली शास्ते ह्या पुस्तकांतील. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक पहारा करीत आणि येणाराला ‘शिब्बोलेथ’ म्हणावयास लावीत. एफ्राइमी मनुष्याला ‘श’ साधत नसे. तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे आणि मारला जाई. त्या लढाईंत ४२,००० एफ्राइमी पडले, असें तेथें लिहिलें आहे. एका अक्षरावरून माणसाची किंमत ठरविण्याचा धंदा इतका जुना आहे. ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला वर्गांत हंसणारा मास्तर तलवार चालवीत नाहीं खरा, परंतु उतारावर उभा तोहि आहेच. असे पहारे जागोजाग बसलेले असतां, पलीकडे जाण्यासाठीं कोणी ‘श’ घोकून ठेवला तर त्याला ढोंगी म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं.

दुसरी गोष्ट पेत्राची. महायाजकाच्या वाड्याच्या अंगणांत तो आपल्या गुरूला नाकारीत होता. पण जवळ उभ्या असलेल्यांनीं त्याच्या बोलीवरून त्याला गालीलकर म्हणून ओळखलें. विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या रात्रीं त्याचे शब्द खोटे होते आणि हेल तेवढा खरा होता. तो यरुशलेमकरांसारखा सफाईनें बोलला असता तरी पाप तेवढेंच राहिलें असतें; आणि उसन्या हेलांत त्यानें गुरूची ओळख कबूल केली असती, तर तें सत्यच झालें असतें. खोटेपणा जिभेच्या वळणांत नव्हता, नाकारण्यांत होता.

आमच्या मतें कसोटी हीच. हेल बदलणारानें आपल्या मनाला विचारावें: ‘ह्या बोलण्यानें मी कोणाला जवळ करीत आहें, आणि कोणाला नाकारीत आहें?’ शहरांत शुद्ध बोलणारा आणि घरीं येऊन आईशीं आईच्या बोलींत बोलणारा मुलगा दोन अंगरखे वापरतो, दोन तोंडें नव्हे. पण स्टेशनावर मित्रांसमोर आईनें हांक मारली असतां जो तिच्या हेलाची लाज वाटून ओळख दाखवीत नाहीं, त्याचा एकेक उच्चार कितीहि शुद्ध असो, त्यानें आपल्या अंगणांत पेत्राचेंच काम केलें.

मुलांनीं प्रमाण भाषा शिकूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ती अवश्य शिकावी. कचेरींत, कॉलेजांत तिच्यावांचून अडतें. परंतु येत्या रविवारीं मंडळींत एखादा शेतकरी भाऊ वाचावयास उभा राहील आणि ‘ण’च्या जागीं ‘न’ म्हणेल, तेव्हां मागच्या बांकावर कोणी हंसूं नये. आपण हंसणें सोडलें, तर उसना हेल आणण्याची पाळीच पुष्कळांवर येणार नाहीं.