क्षमा : हक्क नव्हे, दान

जोडीदाराने विश्वासघात केल्याचे उघड होते, तेव्हा दुखावलेल्या व्यक्तीला पहिला सल्ला मिळतो तो क्षमेचा. ती व्यक्ती पत्नी असेल तर तो फारच लवकर मिळतो. ‘झाले गेले विसर, मुलांकडे पाहा,’ असे सासरमाहेर दोन्हीकडून सांगितले जाते. ख्रिस्ती माणसाने क्षमा केलीच पाहिजे, अशी पुस्तीही जोडली जाते. परंतु दडपणाखाली दिलेली क्षमा ही खरोखर क्षमा असते का?

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. काही घरांतून एकजण जातो, दुसरा म्हाताऱ्यांपाशी राहतो. दुराव्यात संशय लवकर फोफावतो. म्हणून ऐकीव गोष्टीवरून कोणालाही दोषी ठरवू नये. दोष उघड झालाच, तर पंच बसतात, दंड ठरतो आणि प्रकरण मिटते. पंचांमुळे भांडण थांबते, हे मोलाचेच. पण दंड भरला म्हणून विश्वास भरून येत नाही.

कायद्यानेही पत्नीची जखम दीर्घकाळ कमी लेखली. १८६९ च्या कायद्यानुसार घटस्फोटासाठी ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असे काही आणखी सिद्ध करावे लागे. हा भेद मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली घटनाबाह्य ठरवला आणि २००१ साली संसदेने कायदा सुधारला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराला फौजदारी गुन्ह्यांतून वगळले. गुन्हा नसला तरी ते पाप आहेच. विवाह संस्काराच्या वेळी दिलेले वचन न्यायालयाच्या निकालाने सैल होत नाही.

ख्रिस्तसभा काय म्हणते? १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ११५२ निर्दोष जोडीदाराला क्षमेची कळकळीची शिफारस करते. पण त्याच कलमात, ज्याने स्वतः व्यभिचाराला संमती वा कारण दिलेले नाही आणि तोच अपराध केलेला नाही, त्याला वेगळे राहण्याचा हक्कही दिला आहे. विवाहबंध कायम राहतो. सहवासाची सक्ती मात्र नाही. वेगळे झाल्यास सहा महिन्यांत धर्माधिकाऱ्यांकडे दाद मागावयाची असते. म्हणजे ख्रिस्तसभा विनवते, भाग पाडत नाही.

याचे मर्म संदेष्टा होशेय याच्या चरित्रात दिसते. व्यभिचारी पत्नीला परत आणण्यासाठी त्याने पंधरा रौप्य नाणी आणि जव मोजून दिले. पंचांपुढे दंड भरतो तो अपराधी. इथे किंमत मोजली ती दुखावलेल्याने. क्षमा म्हणजे हेच : दुसऱ्याच्या अपराधाचे मोल आपल्या पदरचे देणे. म्हणूनच ती कोणी हक्काने मागू शकत नाही. दान मागून घेतले की ती वसुली होते.

मग अपराध्याने काय करावे? पापनिवेदनाने देवाशी समेट होतो. घराशी समेट व्हायला वर्षे लागतात. ते संबंध पूर्ण तोडावेत, खरे बोलावे, जोडीदाराचा राग निमूट सोसावा. प्रभू येशूने व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीला दगडांपासून वाचवले आणि पुन्हा पाप न करण्याची आज्ञाही दिली. दया आणि सत्य त्याने वेगळे केले नाहीत.

आप्तेष्टांनो, अशा घरी गेलात तर उपदेशाची घाई करू नका. तिला रडू द्या, त्यालाही बोलू द्या. मारहाण होत असेल तर आधी आसरा द्या. क्षमा आली तर ती देवाची कृपा समजा; यायला उशीर लागला, तर वाट पाहणे हीसुद्धा प्रीतीच आहे.