हयातीचा दाखला

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण ज्यानं कुणी काढली, त्यानं तत्त्वज्ञानाचं पुस्तक लिहायला हवं होतं. आयुष्याला अर्थ आहे की नाही यावर जगभरच्या पंडितांनी कागद काळे केले. आमच्या गावानं ते प्रकरण सहा शब्दांत निकालात काढलं.

मी बी. कॉम. त्यामुळे तत्त्वज्ञानाशी संबंध बेताचाच. पण एका मित्रानं आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाचं पुस्तक माझ्या गळ्यात मारलं. या गृहस्थानं १९४२ साली सिसिफसवर निबंध लिहिला. ग्रीक देवांनी सिसिफसला शिक्षा दिली, की धोंडा डोंगरावर ढकलत न्यायचा. तो गडगडत खाली आला, की पुन्हा ढकलायचा. वाचून मला गहिवरून आलं. हा तर आमचाच माणूस! आम्ही रोज संध्याकाळी कॅश जुळवायची, आणि सकाळी तीच शिल्लक आरंभीची म्हणून पुन्हा डोक्यावर घ्यायची. फरक एवढाच, की सिसिफसचा धोंडा कधी दहा रुपयांनी कमी भरत नाही.

काम्यूचं म्हणणं कॉमर्सवाल्याला चटकन कळतं. माणूस जगाकडे अर्थ मागतो आणि जग गप्प बसतं. नावेची बाजू भरलेली, जमेची कोरी. मग कुणी खातंच बंद करून टाकतो, तर कुणी तफावत देवाच्या नावे सस्पेन्स खात्यात टाकून मोकळा होतो. काम्यू म्हणतो, दोन्ही नकोत. न जुळणारं खातं उघडं ठेवा आणि कामाला लागा. सिसिफस सुखी आहे असं समजा. इथं माझी पेन्सिल अडली. सुखी? एकटा?

नोव्हेंबर उजाडला, की आमच्याकडे पेन्शनरांची रांग लागते. आपण जिवंत आहोत हे त्यांना दरवर्षी सिद्ध करावं लागतं. समोरचा माणूस खोकतो, भांडतो, माझ्या पोरांची चौकशी करतो. पण तो पुरावा चालत नाही. २०१४ पासून अंगठ्याच्या यंत्रावरही दाखला निघतो. मागच्या वर्षी गंगाखेडकडच्या एका आजींना या यंत्रानं चार वेळा नाकारलं.

“बोटावर रेघाच राह्यल्या न्हाईत, लेकरा,” आजी म्हणाल्या. “काही रानात गेल्या, काही जात्यावर.”

डोक्यात काम्यू होताच. मी विचारलं, “आजी, जन्मभर एवढं दळून मिळालं काय?”

आजींनी माझ्याकडे कीव आल्यागत पाहिलं. “काय म्हंजे? पीठ मिळालं की!” आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, “जाऊ होती ना समोर. एकटीला जड जातं बाबा. दोघी असल्या की ओव्या म्हणता म्हणता दळण सरायचं.”

गंगाखेड म्हणजे संत जनाबाईचं गाव. तिनं नामदेवांच्या घरी जन्मभर दळलं. तोही धोंडाच, फक्त गोल फिरणारा. पण तिच्यासमोर विठोबा दळायला बसायचा, असं आपल्याकडे सांगतात. काम्यूला विठोबा पटला नसता, हे मला मान्य आहे. पण त्या कथेतला विठोबा जगण्याचा अर्थ सांगत बसत नाही. खुंट्याला हात घालतो.

शेवटी आजींचा कागदी फॉर्म भरला, साहेबांची सही घेतली. आजी जिवंत ठरल्या. जाता जाता म्हणाल्या, “अन् तुझा दाखला कोण काढतं रे?”

मी हसलो. पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

त्याच संध्याकाळी कॅश दहा रुपयांनी कमी भरली. शेजारच्या काउंटरवाल्याशी माझा महिनाभर अबोला होता. कारण पंखा कुणाकडे वळवायचा. तो काही न बोलता खुर्ची ओढून समोर बसला, आणि अर्ध्या गड्ड्या त्यानं आपल्याकडे ओढल्या. साडेसातला चिकटलेली नोट निघाली.

“सापडली,” तो म्हणाला.

“सापडली,” मी म्हणालो, आणि पंखा त्याच्याकडे वळवला.