डिपॉझिट कुणी भरायचं?

पुण्यात फ्लॅट भाड्यानं घेतला की करार बहुतेकदा ११ महिन्यांचा. लिव्ह अँड लायसन्स. १८८२च्या ईझमेंट्स ॲक्टप्रमाणे लायसन्स म्हणजे नुसती वापराची परवानगी. जागेत हितसंबंध काही निर्माण होत नाही. दोन नाती मोडल्यावर मला प्रेमही याच बोलीवर हवं होतं.

मग तो भेटला. मैत्रिणी म्हणाल्या, नीट पारखून घे. सल्ला शहाणपणाचाच. पण आधीच्या भाडेकरूनं भिंती खराब केल्या, त्याचं डिपॉझिट नव्याकडून का घ्यायचं? बरं, नाही घेतलं, तर पुन्हा नुकसान होण्याची भीती कुणी सोसायची?

माझ्या मते, ती मीच सोसायची. त्यानं आधी विश्वास कमवावा, मग मी द्यावा, असं म्हटलं तर तो कमवणार कशावर? थोडी उधारी द्यावीच लागते. (घर सोडायची नोटीस दोघांच्याही हातात असतेच.)

यंदा आम्ही चौथ्यांदा करार केला. फ्लॅट परक्याचाच. उशीर झाला की तो कुकर लावून ठेवतो, आणि मी बसमधून मेसेज टाकते, ‘घरी येतेय’. पूर्वी लिहायचे, ‘रूमवर पोचते’.